तिसरी पेटी

अकरावं खोकं जिना चढून वर गेलं, तेव्हा गावडे मास्तर दाराशी आले आणि त्यांनी मला शांतपणे विचारलं, "ही माणसं माझ्या यंत्रांचे सुटे भाग घेऊन कुठे चालली आहेत?"

"पहिल्या मजल्यावर," मी चिनीत म्हणाले. "तुम्हीच सकाळी सांगितलंत. सगळी खोकी पहिल्या मजल्यावर."

मास्तरांनी पायाखालच्या फरशीवर बूट दोनदा आपटला. "हा पहिला मजला."

चिनी माणूस मजले जमिनीपासून मोजतो. आपला तळमजला तो त्यांचा पहिला, आणि आपला पहिला तो त्यांचा दुसरा. हे मला माहीत होतं. पुण्यात पदविकेच्या परीक्षेत मी हे लिहिलं होतं आणि त्याचे पूर्ण गुण मिळवले होते. वर्गाबाहेर पहिल्यांदाच त्याची गरज पडली, तर चार हमाल घामाघूम होऊन जिन्यावर बसले होते.

"ताई," त्यातला एक म्हणाला, "तुमास्नी चिनी खरंच येतंय, का नुसतं वाटतंय?"

आवाज ऐकून शेजारच्या जुन्या शेडमधून आप्पा आले. माझे वडील. त्यांनी खोकी बघितली, जिना बघितला, माझं तोंड बघितलं.

"खाली ठेवायची हुती व्हय?"

मी मान हलवली. आप्पांनी सदरा काढून खिळ्याला अडकवला आणि आपल्या हाताखालच्या दस्तगीरला हाक मारली. दोघं वर गेले. शेवटचं खोकं खाली यायला दुपारचे दोन वाजले. तेवढ्यात मालक झंवर शेठही येऊन गेले. "मगदूम," ते म्हणाले, "पोरीला आधी मजले मोजायला शिकवा."

"आज मोजून झाले तिचे, शेठ," आप्पा म्हणाले आणि सदरा घालून जुन्या शेडकडे निघून गेले.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची, इचलकरंजीतली. मी तेवीस वर्षांची होते. मी चिनी शिकायला पुण्याला गेले तेव्हा गल्लीतले लोक आप्पांना विचारायचे, "पद्मजा परत येऊन गोबी मंचुरियनचा गाडा लावणार काय?" आप्पा म्हणायचे, "लावला तर पहिली प्लेट तुला." मी नेमकी काय शिकते हे त्यांना माहीत नव्हतं. मला आवडतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. मग झंवर शेठनी इकडून तिकडे पळणारा धोटा नसलेले, दोन लोखंडी हातांनी आडवा धागा नेणारे आठ चिनी माग मागवले, ते बसवून द्यायला चीनहून एक मास्तर येणार असं ठरलं आणि तीन आठवड्यांसाठी दुभाषी म्हणून मला काम मिळालं. आप्पांच्याच कारखान्यात.

आप्पांना जाऊन आता अकरा महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की मला ते तीन आठवडेच आठवतात. बाकीचं आयुष्य मी त्यांची मुलगी होते. ते तीन आठवडे त्यांचं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून दुसऱ्या माणसापर्यंत जात होतं.

मास्तरांचं आडनाव गाओ. शेडमधल्या लोकांनी तासाभरात त्याचं गावडे करून टाकलं आणि मास्तरही त्या हाकेला वळून बघायला लागले. वय चव्वेचाळीस. अंगाने सडपातळ, बोटं लांब, बोलणं कमी. त्यांच्याबरोबर कारखान्याकडून हत्यारांच्या तीन लोखंडी पेट्या आल्या होत्या. झाकणांवर लाल रंगात आकडे होते. एक, दोन, तीन.

त्या पेट्यांवर कुणाचं काय अवलंबून होतं ते शेठनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दिवाळीला जुने चोवीस माग भंगारात जाणार होते. नव्या शेडला तीन जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, लागणार होते. "हा मास्तर ज्याच्या हातात पेटी देईल त्याला मी ठेवणार," शेठ म्हणाले. "तिसरा मिळाला नाही तर भिवंडीहून आणीन."

आप्पा तेव्हा एकावन्न वर्षांचे होते आणि त्यांची तीस वर्षं मागांत गेली होती. माग बिघडला की त्याला हात लावायच्या आधी ते डोळे मिटून ऐकायचे आणि दुखणं सांगायचे. शेडमधला प्रत्येक जॉबर त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यामुळे पहिली पेटी कुणाची हा प्रश्नच नव्हता. आप्पांनाही नव्हता, शेठनाही नव्हता आणि मलाही नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चहा आला.

किटलीवाल्याने ग्लास भरले. दस्तगीर जवळ उभा होता. अठ्ठावीस वर्षांचा, आप्पांचाच चेला. त्याने एक ग्लास उचलला आणि पाहुण्या माणसाला द्यायचा म्हणून उजव्या हाताला डावा हात लावून मास्तरांपुढे धरला. मास्तर बसलेले होते, ते उठून उभे राहिले. चहा सावकाश, पूर्ण प्यायले. मग फडताळापाशी गेले, एक नंबरची पेटी आणली आणि दस्तगीरच्या हातात ठेवली.

दस्तगीर माझ्याकडे बघायला लागला. "काय झालं ताई? चहा गोड लागला काय इतका?"

मी मास्तरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गुरूकडे आणि गुरूच्या गुरूकडे रीत एकच होती. जो येऊन उस्तादाला चहा देतो तो शिष्य. ज्याने पहिल्यांदा दिला तो पहिला, त्याच्या मागून आला तो दुसरा. वय बघायचं नाही, हुशारी बघायची नाही. पहिला शिष्य सगळ्यांचा थोरला भाऊ, मग बाकीचे त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असले तरी.

हे मी मराठीत सांगेपर्यंत विलास खोत नावाच्या दुसऱ्या जॉबरने ग्लास उचललाही होता. विलासला गोष्टी लवकर कळायच्या. दोन नंबरची पेटी त्याला मिळाली.

आप्पा त्या वेळी जुन्या शेडमध्ये तुटलेला पट्टा जोडत होते.

संध्याकाळी घरी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दस्तगीरला धोटा कसा धरायचा ते कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"आणि त्यो माझा थोरला भाऊ?"

"वय बघत नाहीत ते, आप्पा. कोण आधी आलं, एवढंच."

"मग त्यापेक्षा शाळंतला हजेरीपट बरा," आप्पा म्हणाले. "तिथं निदान आडनाव तरी बघत्यात."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "चहाच द्यायचा हाय न्हवं? घरात येईल त्याला देतोयच की."

"घरात येईल त्याला देतोय. माझ्यापेक्षा सात वर्षांनी ल्हान माणसाला गुरू म्हणून देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दस्तगीर स्वतःच मला घेऊन मास्तरांकडे गेला. रात्रभर झोप नव्हती त्याला. "त्यांना सांगा ताई, माझी पेटी आप्पांना द्या. मी तिसरी घेतो. मला कळलंच नव्हतं. मी आपला चहा दिला."

मास्तरांनी ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. "प्यायलेला चहा परत ग्लासात येत नाही," ते म्हणाले.

चिनी भाषेत क्रम सांगणं सोपं असतं. आकड्याच्या आधी 'ती' एवढा एक उच्चार लावला की झालं. ती ई म्हणजे पहिला, ती अर म्हणजे दुसरा, ती सान म्हणजे तिसरा. आपल्यासारखी पहिला-पहिली-पहिलं अशी रूपं बदलावी लागत नाहीत. वारांना नावंसुद्धा नाहीत. सोमवार म्हणजे आठवड्याचा एक, मंगळवार म्हणजे दोन. जानेवारी म्हणजे एक नंबरचा महिना. वर्गात मला हे फार आवडायचं, सगळं कसं ओळीत उभं आहे असं वाटायचं. त्या ओळीत माझे वडील उभे राहतील आणि त्यांच्यापुढे दोन माणसं असतील, असं मला वर्गात कधी वाटलं नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस माग बसत गेले. तिसरी पेटी फडताळावरच होती. आप्पा रोज नव्या शेडच्या दारापर्यंत यायचे. उंबऱ्याच्या आत नाही. हात मागे बांधून उभे राहायचे आणि ऐकायचे. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग परत जायचे.

एका दुपारी पाच नंबरचा माग सारखा बंद पडत होता. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा मध्येच सुटायचा. मास्तर, दस्तगीर आणि विलास तिघंही मागाखाली शिरले होते. आप्पा दारात उभे होते. त्यांनी मला बोटाने खूण केली.

"डावा हात उशिरा येतोय," ते हळूच म्हणाले. "उजवा धागा घेऊन येतोय आणि डावा न्यायला जाग्यावर नसतोय. केसभर."

"तुम्ही हा माग कधी चालवला नाही, आप्पा."

"चालवला न्हाई. ऐकतोय की."

मी जाऊन सांगितलं. मास्तरांनी डावीकडचं झाकण उघडलं, मापाची पट्टी लावली, एक बोल्ट अर्धा आटा फिरवला. माग सुरू झाला आणि चालत राहिला. मास्तर उठले, हात पुसले आणि दाराकडे बघितलं. आप्पा तोवर निघून गेले होते.

"तुझे वडील चहा का आणत नाहीत?" मास्तरांनी मला विचारलं.

"ते विचार करतायत," मी म्हणाले.

"मी बुधवारी जाणार," मास्तर म्हणाले. "पेटी परत नेणार नाही. ती कुणाला तरी मिळेल."

त्या रविवारी आईने मास्तरांना जेवायला बोलावलं. "दोन आठवडे हॉटेलात अंडी खातोय माणूस," ती म्हणाली. दुपारी बाजारात जाऊन दोडकी आणि दही आप्पाच घेऊन आले.

आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण. म्हणून मास्तरांना मी पाचलाच घेऊन आले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आप्पा दारात उभे होते.

"या," आप्पा म्हणाले. "पहिलाच मजला हाय."

मी ते चिनीत सांगितलं. मास्तर थांबले, आमच्या फरशीवर बूट दोनदा आपटला आणि मोठ्याने हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बूट काढून ते आत आले.

आईचं काम राहिलं होतं. गावाकडून त्याच सकाळी शाळू ज्वारीचं पोतं आलं होतं आणि ती शेराने मोजून डब्यात भरत होती. "लाभ," ती म्हणाली आणि पहिला शेर ओतला. "दोन. तीन. चार."

मास्तर बघत होते. आपल्या आकड्यांपैकी दहापर्यंतचे त्यांना मागांवर काम करताना पाठ झाले होते. "एक कुठे गेला?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, की धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. दुसऱ्यापासून आकडे सुरू होतात.

"आमच्यातही," मास्तर म्हणाले. "घरातल्या पहिल्या मुलाला आम्ही एक म्हणत नाही. लाओ ता म्हणतो. म्हणजे मोठा. दुसऱ्यापासून आकडे. लाओ अर, लाओ सान."

आईला ते कळल्यावर तिने मास्तरांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "म्हणजे शाणी माणसं दिसत्यात," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

ताटं वाढली. मुगाची उसळ, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. भाकरी कशी मोडायची ते आप्पांनी मास्तरांना दाखवलं, न बोलता, आपली मोडून. चटणीने मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आप्पांनी दह्याची वाटी पुढे सरकवली. दोघांचं बरं चाललं होतं.

मग आप्पा म्हणाले, "त्याला इचार, ह्यो कितवा?"

मास्तर म्हणाले, "मी लाओ स्स. चौथा. दोन भाऊ, मग एक बहीण, मग मी."

"सगळी हाईत?"

"दोन भाऊ आहेत. बहीण नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी दुष्काळ होता. त्यात ती गेली. मी तिला बघितलं नाही."

मी ते मराठीत सांगितलं. आप्पांनी जरा वेळ मोजणी केली. "मग ह्यो तिसरा झाला की. चौथा कसा?"

मला वाटलं मास्तरांना राग येईल. तसं झालं नाही. कुणी मागाबद्दल विचारल्यावर समजावून सांगायचे तसंच त्यांनी सांगितलं. "तिसरी ती. ती आधी आली होती. ती गेली म्हणून मी पुढे सरकत नाही. माझी आई कुणाला सांगताना चार मुलंच सांगायची. लोक म्हणायचे, तीनच दिसतात. ती म्हणायची, दिसतात तीन." मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "तुझे वडील भाग्यवान. एकच मुलगी, पण हुशार. मलाही एकच मुलगी आहे. आमच्याकडे आता सगळ्यांना एकच."

मी हे आप्पांना सांगितलं. हुशार हा शब्द गाळून.

आप्पा ताटाकडे बघत होते. "त्याला सांग," ते म्हणाले, "ही दुसरी."

"काय?"

"दुसरी म्हण. सांग त्याला."

दुभाष्याने मधे बोलायचं नसतं. हे आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं होतं. मी मास्तरांकडे वळले आणि म्हणाले, "माझे वडील सांगतायत, की मी दुसरी."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं की मलाही हे आत्ताच कळतंय. मग त्यांनी अगदी साध्या, वर्गातल्या चिनीत विचारलं, "आणि पहिली?"

मी आप्पांना विचारलं, "पहिली कुठंय, विचारतायत."

"सात महिन्यांची हुती," आप्पा म्हणाले. "ताप आला. मिरजेला नेईपर्यंत वाटंतच गेली. तुझ्या आधी तीन वर्षं. राजुल नाव." मग थांबून, "सांग सगळं. नाव पण सांग."

मी सगळं सांगितलं. सात महिने, ताप, मिरज. राजुल हा शब्द चिनीत बसत नाही, म्हणून तो तसाच उच्चारला. मास्तरांनी तो दोनदा म्हणून बघितला. दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आला. माझ्या बहिणीचं नाव मी पहिल्यांदा उच्चारलं ते एका परक्या भाषेतल्या वाक्यात, आणि माझ्यानंतर ते दुसऱ्या कुणी उच्चारलं तर तो चीनचा माणूस होता.

आई बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिने मास्तरांच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि तिथेच बसली. "त्याला इचार पद्मा," ती म्हणाली, "त्याच्या त्या बहिणीचं नाव काय हुतं?"

मी विचारलं.

"नाव ठेवलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "त्या वर्षी लोक नाव ठेवायला थांबायचे. जगलं तर ठेवू म्हणायचे. ती फक्त लाओ सान. तिसरी. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, तेवढा आकडा होता. मग तो मी कसा घेणार?"

मी हे मराठीत सांगितलं.

आई म्हणाली, "खरं हाय." आणि उठून आत गेली. थोड्या वेळाने थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. आप्पांनी मास्तरांना आणखी दही वाढलं. मास्तरांनी भाकरी मोडली, आप्पा मोडत होते तशी. बाहेर अजून ऊन होतं.

मास्तरांना लॉजवर पोचवून मी परत आले, तेव्हा आई भांडी घासत होती. मी तिच्या शेजारी बसून भांडी विसळायला घेतली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कुठं इचारलंस?"

"जे माहीतच नाही ते कसं विचारणार?"

"ते पण खरं," आई म्हणाली. मग म्हणाली, "आमी दोघं बोलतो की. रोज न्हाई. मधनंमधनं. तू दहावीला बसलीस तवा तुझा आप्पा म्हणाला, ती आता कॉलेज करत असती. तुझ्यावर ओझं टाकायचं न्हवतं गं. तुझं तुला मोकळं ठेवायचं हुतं."

मला राग यायला हवा होता, असं नंतर कुणीकुणी म्हणालं. आला नाही. घरात जागा वाढल्यासारखं वाटलं. मी विसळत राहिले. आई सांगत राहिली. राजुलला केस खूप होते. धोट्याचा आवाज ऐकला की रडायची थांबायची.

सोमवारी सकाळी आप्पा माझ्या आधी घरातून निघाले. मी शेडवर पोचले तेव्हा ते नव्या शेडच्या उंबऱ्याच्या आत उभे होते. अंगावर धुतलेला सदरा, हातात घरचा स्टीलचा पेला. आईने वेलदोडा घालून केलेला चहा त्यांनी डब्यातून आणला होता.

आठही माग चालू होते. आवाजात काही बोलणं शक्य नव्हतं आणि कुणी मला काही बोलायला सांगितलंही नाही. आप्पा मास्तरांसमोर गेले. उजव्या हाताला डावा हात लावून पेला पुढे धरला. मास्तर उभे राहिले. पेला दोन्ही हातांनी घेतला, चहा संपवला. मग फडताळावरून तिसरी पेटी काढली आणि आप्पांच्या हातात ठेवताना म्हणाले, "लाओ सान."

तो शब्द तोंडातून निघाल्यावर मास्तर क्षणभर थांबले. मग त्यांनी तोच शब्द पुन्हा म्हटला, जरा मोठ्याने.

दस्तगीर पाच नंबरच्या मागापाशी उभा होता. आप्पा पेटी घेऊन त्याच्याकडे गेले. दस्तगीरने माग बंद केला.

"बोला थोरले," आप्पा म्हणाले. "काय काम करायचं आज?"

"आप्पा, त्यापेक्षा कानाखाली मारा की."

"तसं कसं? थोरल्यावर हात उचलत नसत्यात."

विलास हसत सुटला. "आणि मी मधला का?" तो म्हणाला. "मधल्याचे लय हाल असत्यात घरात."

मास्तर बुधवारी गेले. दिवाळीला जुने माग भंगारात गेले, तेव्हा आप्पांनी त्यातला एक धोटा घरी आणला आणि देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला. का, ते सांगितलं नाही, आणि मला विचारायची गरज पडली नाही.

नव्या शेडमध्ये आप्पांनी पुढे बारा वर्षं काम केलं. दोन वर्षांनी दस्तगीर जास्त पगारावर सुरतेला गेला. त्याची पेटी फडताळावर राहिली. शेठ आप्पांना म्हणाले, "मगदूम, आता एक नंबरची पेटी तुम्ही घ्या. तीत पाने जास्त आहेत."

"नंबर सरकत नसतोय, शेठ," आप्पा म्हणाले. "ही काय रेशनची रांग न्हवं."

दर शनिवारी काम संपल्यावर ते आपली पेटी उघडून हत्यारं पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे. मग फडताळावरची पहिली पेटी काढायचे आणि तिलाही तेच करायचे. मी एकदा बघायला गेले होते. पहिल्या पेटीला त्यांना जास्त वेळ लागत होता.

गेल्या वर्षी आप्पा गेले, तेव्हा दस्तगीर सुरतेहून आला. आता त्याचेही केस पिकलेत. तो आप्पांच्या उशाशी बसला होता. आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं, "तुमी कोण लागता यांचे?"

"थोरला भाऊ," दस्तगीर म्हणाला.

म्हातारे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. हो, थोरलाच.

मास्तरांना कळवायचं होतं. पत्ता जुना होता. त्यांच्या कारखान्यामार्फत मुलीचा ईमेल मिळवायलाच काही महिने गेले. मी चार ओळी लिहिल्या. महिनाभराने तिचं उत्तर आलं. मास्तर आता निवृत्त आहेत, हात थरथरतो, पण त्यांनी स्वतः लिहायचा हट्ट धरला, असं तिने कळवलं होतं आणि सोबत कागदाचा फोटो जोडला होता. अक्षरं मोठी, वाकडी, एकेक रेघ जपून ओढलेली.

मजकूर थोडा होता. डावा हात उशिरा येतोय हे दारातून ऐकणारा माणूस त्यांना पुन्हा भेटला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या तिसऱ्या शिष्याची जागा त्याचीच राहील, असं लिहिलं होतं. आणि भाकरी अजून आठवते, असंही.

मी ते आईला वाचून दाखवलं. ती पडवीत शेंगा फोडत बसली होती.

"वर काय लिवलंय?" तिने विचारलं. "कुणाला लिवलंय ते?"

वर माझं नाव नव्हतं. ते बहुधा कधी त्यांच्या लक्षात राहिलंच नव्हतं. मी वाचलं, "तिसऱ्याच्या दुसऱ्या मुलीस."

आईने हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

"बरोबर लिवलंय," ती म्हणाली.